थाफ्राच्या जत्रेंतील एक दिवस

गतवर्षीं चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही कांहीं आठवडे स्पेन देशांत राहिलों. त्यांचें बिऱ्हाड सेव्हिल शहरीं. तेथून उत्तरेस सुमारें १५० किलोमीटरांवर थाफ्रा नांवाचें जुनें गांव आहे. २९ सप्टेंबर हा संत मायकेलचा सण. त्याच्या आगेमागें तेथें गुरांची व शेतीची मोठी जत्रा भरते. तिचा इतिहास इसवी सन १४५३ पासूनचा सांगतात. राजवाडे व देवळें पाहून आमचे डोळे थकले होते. तेव्हां एक दिवस हा बाजार पाहावा असें ठरलें.

आवारांत शिरतांच प्रथम ट्रॅक्टर, नांगर आणि ऑलिव्हचें झाड हलवून फळें पाडणारीं यंत्रें दिसलीं. पुढें तांबूस रंगाच्या, भरदार शिंगांच्या गाई होत्या. त्यांच्या पलीकडे ओकच्या रानांत गळून पडलेल्या फळांवर पोसणारीं काळीं डुकरें होतीं. त्यांच्या मांसाचीं दुकानेंही जवळच थाटलेलीं होतीं. आम्ही तेथून मुकाट्यानें पुढें सरकलों आणि सूनबाईंनीं बांधून दिलेल्या दशम्या एका झाडाखालीं सोडल्या.

दुपारीं मेरिनो मेंढ्यांच्या मांडवांत गेलों. एक वृद्ध मेंढपाळ दोन्ही हातांनीं एका एडक्याची लोकर उकलून पाहत होता. वरून मळकट दिसणारी ती लोकर आंतून सायीसारखी पांढरी निघाली. त्यानें खुणेनेंच आमचा हात धरून तींत ठेवला. मेंढीस त्या भाषेंत 'ओवेखा' म्हणतात. मूळ लॅटिन 'ओविस्', म्हणजे आपला संस्कृत 'अवि'. लोकरीस ते 'लाना' म्हणतात, आणि आपली 'ऊर्णा' त्याच कुळांतली. 'अवि' शब्द आम्ही जन्मभर चालविला. परंतु मेंढीच्या अंगावर हात ठेवला तो साठी उलटल्यावर आणि परमुलुखांत!

चिरंजीव दुभाष्याचें काम करीत होते. या जातीच्या मेंढ्या देशाबाहेर नेण्यास दीर्घकाळ बंदी होती. पुढें अठराव्या शतकांत १७६५ सालीं त्या सॅक्सनीस गेल्या आणि १७९७ सालीं ऑस्ट्रेलियांत पोहोंचल्या. मेंढपाळांच्या 'मेस्ता' नामक संघास १२७३ सालीं दहाव्या आल्फोन्सो राजानें मान्यता दिली होती. उन्हाळ्यांत डोंगरावर व हिवाळ्यांत सखल कुरणांकडे जाणाऱ्या कळपांसाठीं राखलेल्या मोठ्या वाटा ९० 'व्हारा', म्हणजे सुमारें ७५ मीटर रुंद असत. मेस्ता १८३६ सालीं मोडली. तरी १९९५ च्या कायद्यानें या वाटांस सार्वजनिक मालमत्ता म्हणून संरक्षण दिलें आहे.

म्हाताऱ्यानें मग आम्हांस विचारलें, "तुमच्याकडे असे फिरते मेंढपाळ आहेत काय?" आम्ही धनगरांची हकीकत सांगितली. पावसाळा सरल्यावर ते कळप घेऊन निघतात, आणि खतासाठीं शेतकरी त्यांच्या मेंढ्या शेतांत बसवितात, इतकें आम्हांस ठाऊक होतें. त्यानें पुढें विचारलें, "त्यांची वाट किती रुंद असते? ती कोण राखतो?" आम्हांस उत्तर देतां येईना.

त्या क्षणीं एक जुनी गोष्ट आठवली, ती वाचकांपासून लपवीत नाहीं. आम्ही ३४ वर्षें शिक्षकी केली. अभ्यास न करणाऱ्या मुलास "जा, मेंढ्या राखायला जा!" असें म्हणण्याची आम्हांस खोड होती. एकदां हें वाक्य ज्यास ऐकविलें तो मुलगा धनगराचाच होता. वर्ग हंसला. मुलानें मान वर केली नाहीं. थोड्याच दिवसांत त्याची जागा रिकामी झाली. तो कां येत नाहीं, याची आम्ही चौकशीही केली नाहीं. ज्या विद्येस येथें राजमान्यता मिळाली होती, तिचें नांव आम्ही शिवी म्हणून वापरीत होतों!

संध्याकाळीं गांवांतील जुने चौक पाहिले. मोठा व धाकटा असे दोन चौक एका कमानीनें जोडलेले आहेत. तेथील एका खांबावर 'व्हारा'चें माप दगडांतच कोरलेलें आहे. कास्टीलचा व्हारा सुमारें ८३ सेंटिमीटरांचा, म्हणजे आपल्या वाराहून थोडा आंखूड. कापड कमी भरल्याचा संशय आला कीं गिऱ्हाइकानें या खांबापाशीं येऊन खात्री करून घ्यावी. आम्ही त्या मापावर बोट फिरवीत बराच वेळ उभे राहिलों. मुलांस मापण्याचा आमचा गज मात्र अशा कोणत्याच खांबावर पारखलेला नव्हता.

स्वदेशीं परतल्यावर, कार्तिकांत आमच्या गांवाशेजारीं धनगरांचा वाडा उतरला, तेव्हां आम्ही बांधावर जाऊन बसलों आणि थाफ्राच्या म्हाताऱ्याचाच प्रश्न विचारला. वाड्यांतील वडील माणूस हंसून म्हणाला, "गुरुजी, वाट कुठली? कुंपणं पडतील तिथून वळायचं." मग त्यानें, कोठें ऊस आला व कोठें तार पडली, तें सर्व सांगितलें. आम्ही वही नेली होती. त्या दिवशीं लिहून घेण्याचें काम आमचें होतें.