आधी घट्ट दाबून धरा!

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली. यादीत आपल्या शेजारच्या उरणचं नाव वाचलं आणि पोटात गोळाच आला. पनवेल ते उरण अंतर ते किती! शेजारणी विचारू लागल्या, "वहिनी, खरंच काही झालं तर करायचं काय?"

मला उत्तर देता येईना. कारण महिन्यापूर्वीच एका मैत्रिणीचा हात विळीवर चांगलाच कापला होता. एक हळद घेऊन धावली, दुसरी कॉफी पावडर. मी नुसतीच घाबरून उभी! शिकल्यासवरलेल्या आम्ही, पण वाहतं रक्त थांबवायचं कसं, हे एकीलाही ठाऊक नव्हतं.

तेव्हा आठवले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. चीन-जपान युद्धात १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. व्ही. शांतारामांच्या सिनेमामुळे जखमींवर शस्त्रक्रिया करणारे कोटणीस आपल्याला माहीत आहेत. मला मात्र त्यांचं शिकवणं जास्त मोलाचं वाटतं. आघाडीवर डॉक्टर मोजके, जखमी असंख्य. म्हणून तिथे हॉस्पिटलच्या जोडीने वैद्यकीय शाळाही चालवली जाई. कोटणीस चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. त्यांच्या चिनी पत्नीही नर्सिंग शिकवायच्या. ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. पण त्यांनी तयार केलेले हात मागे राहिले.

मग आम्हीही मंडळात एका डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी सांगितलं ते अगदी साधं होतं. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबून धरायचं. थांबलं का, म्हणून सारखं उचलून बघायचं नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. हळद, कॉफी काही भरायचं नाही. एकीने दाबून धरायचं, दुसरीने १०८ ला फोन करायचा. आम्ही एकमेकींच्या हातावर जुन्या ओढण्या दाबून सराव केला. हसलोही खूप!

मैत्रिणींनो, युद्ध न येवो. पण विळी, गॅस, हायवे तर रोजचेच आहेत ना? पुढच्या भिशीला तासभर काढाच. घरातल्या मुलांनाही बसवा!