उंदराचे पिलू आणि मेंदूचे वेळापत्रक

बाभुळगावात जुन्या घरातील तुरीची कणगी हलविली, की मागे कधीतरी उंदराची पिले सापडावयाचीच. गुलाबी, बिनकेसांची, डोळे मिटलेली. गोठ्यातले वासरू मात्र जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभे राहून आचळ शोधू लागते. दोघेही सस्तनच. मग एवढा फरक का? त्याचे बरेचसे उत्तर मेंदूतील विकरांत सापडते.

विकर म्हणजे एन्झाइम. भाकरीचा घास बराच वेळ चघळला की गोड लागतो, ती लाळेतील विकराची करामत. स्वतः न संपता दुसऱ्या द्रव्यात बदल घडविणारा हा कारागीर. मेंदूतही असे कारागीर पुष्कळ. पण जन्मवेळी ते सगळेच पुऱ्या जोमाने कामाला लागलेले नसतात.

प्राणवायू वापरून शक्ती निर्माण करणाऱ्या साखळीत सायटोक्रोम नावाची द्रव्ये असतात. आपल्या कमला सोहोनी (माहेरच्या भागवत) यांनी त्यांपैकी सायटोक्रोम सी वनस्पतींतही असते हे केंब्रिजला दाखविले आणि 1939 मध्ये डॉक्टरेट मिळविली. बटाटा काय नि मेंदू काय, साखळी मूलतः एकच! या साखळीच्या टोकाचे विकर, सायटोक्रोम ऑक्सिडेज, उंदराच्या नवजात पिलाच्या मेंदूत मंद असते आणि पहिल्या तीन-चार आठवड्यांत झपाट्याने वाढते. तेही सरसकट नव्हे. श्वास सांभाळणारा मागचा भाग आधी तयार होतो, मोठ्या मेंदूची साल मागाहून. म्हणूनच प्राणवायू तोडला तर नवजात पिलू मोठ्या उंदराच्या कितीतरी पट अधिक वेळ तग धरते. त्याच्या मेंदूची भूकच थोडी. गिनीपिग वासरासारखे तयार होऊन जन्मते. त्याच्या मेंदूत ही वाढ गर्भातच होते.

काही विकर उलट उतरतात. उंदरिणीचे दूध फार स्निग्ध. त्या स्निग्धांशापासून शरीरात बनणारी कीटोन द्रव्ये जाळणारे विकर पिलाच्या मेंदूत अंगावर पीत असेतो वाढतात, दूध सुटले की ओसरतात. याला ऱ्हास म्हणू नये. काम संपले, इतकेच.

हे वेळापत्रक चुकले तर? जन्मतःच थायरॉइड ग्रंथी काढलेल्या पिलांत श्वसनाच्या विकरांची वाढ खुंटते. त्या ग्रंथीचा रस लवकर टोचला तर ती भरून येते, फार उशिरा टोचला तर येत नाही. माणसाच्या बाळातही हाच धोका असतो. म्हणून आज जेथे सोय आहे तेथे नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ग्रंथीचे काम तपासतात. दोष आढळून दोन आठवड्यांच्या आत गोळी सुरू झाली, तर मूल बहुधा इतरांसारखेच वाढते. काही महिने गेले, तर तीच गोळी उंची वाढविते; बुद्धीचे नुकसान मात्र पुरते भरून काढीत नाही.