पाते, पितळ आणि एक कबुलीजबाब

जिलेट कंपनीने 1951 पासून आपल्या सेफ्टी रेझरच्या शिरोभागाखाली एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा उमटवण्याचा परिपाठ ठेवला होता. अक्षर वर्षाचे, आकडा तिमाहीचा. ‘एफ’ आणि 2 असे दिसले की ती वस्तू 1960 च्या दुसऱ्या तिमाहीत घडली, हे कोणाही जाणकाराला सांगता यावे इतका तो हिशेब चोख. जन्मतिथी अंगावर वागवणाऱ्या या यंत्रांचा छंद मला फार जुना आहे. जुन्या बाजारात कुलपांच्या, चष्म्यांच्या आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या ढिगातून असा एखादा रेझर हाती लागावा, त्यावर बसलेला साबणाचा कठीण थर कोमट पाण्यात सोडवावा आणि मुठीच्या टोकाची कळ फिरवताच शिरावरची दोन्ही दारे कुरकुर न करता उघडावीत, या अनुभवातील विस्मय इतक्या वर्षांनीही ओसरलेला नाही. आणि त्याच कारणाने, आज कोऱ्या खोक्यातून निघालेले रेझर दोनचार वर्षांत मान टाकतात याचा मला मनस्वी खेद होतो. या ऱ्हासाला धातूची, आट्यांची आणि व्यापाराची निश्चित कारणे आहेत. ती शोधता शोधता एका विस्मृत गृहस्थाची आणि एका विलक्षण जाहिरातीची गाठ पडली, आणि खरे सांगायचे तर हा लेख मुख्यतः त्या दोघांसाठी आहे.

किंग कॅम्प जिलेट यांची कथा वाचकांना ठाऊक असेलच. बाटल्यांची बुचे विकणारा हा फिरता विक्रेता. ‘एकदा वापरून फेकून द्यावे असे काहीतरी शोधून काढ’ हा त्याच्या मालकाचा, त्या बुचांचे जनक विल्यम पेंटर यांचा, उपदेश. 1895 साली दाढी करता करता सुचलेली पातळ पात्याची कल्पना. आणि पत्र्याइतक्या पातळ पोलादाला पाणी देऊन धार लावण्याचे, तज्ज्ञांनी अशक्य ठरवलेले काम साध्य करणारे विल्यम निकरसन. 1903 साली विकले गेले अवघे 51 रेझर, आणि पुढच्याच वर्षी 90,884. हा भाग सर्वत्र सांगितला जातो, म्हणून तो येथेच सोडतो.

सांगितले जात नाही ते 15 नोव्हेंबर 1904 रोजी मंजूर झालेल्या 775134 क्रमांकाच्या पेटंटमध्ये आहे. या दस्तऐवजात जिलेट यांनी ज्या पात्यावर हक्क सांगितला, त्याचे लक्षण असे दिले आहे की ते इतके पातळ आणि लवचीक असावे की त्याच्या धारेला ताठपणा येण्यासाठी बाहेरच्या आधारावाचून गत्यंतर नसावे. हे वाक्य प्रथम वाचले तेव्हा सेफ्टी रेझरकडे पाहण्याची माझी दृष्टीच पालटली. जुन्या वस्तऱ्याचे पाते स्वतःच्या जाडीच्या बळावर उभे असे. जिलेट यांनी पात्यातून ते बळ काढून घेतले आणि धारकाच्या स्वाधीन केले. वरचे झाकण आणि खालची बैठक यांच्यामध्ये पाते धनुष्याप्रमाणे वाकते, मुठीचे आटे त्या दोहोंना एकमेकांकडे ओढून धरतात, आणि त्या वाकण्यातून व ओढीतूनच धारेला स्थैर्य येते. सारांश, पाते फेकून देण्याजोगे असावे अशी योजना ज्याने केली, त्यानेच धारक अढळ असला पाहिजे अशी अटही त्याच कागदावर लिहून ठेवली. धारक सैल, वाकडा किंवा ठिसूळ झाला, तर त्या शोधात शोध म्हणून काही उरतच नाही.

व्यापारही आरंभी याच धोरणाने चालला. ‘रेझर फुकट द्या आणि पात्यांवर कमवा’ हे सूत्र जिलेट यांच्या नावावर खपवले जाते. पण शिकागो विद्यापीठातील विधिज्ञ रँडल पिकर यांनी दाखवून दिले आहे की पेटंटची मुदत चालू असेपर्यंत कंपनीने आपला रेझर पाच डॉलर या भारी किमतीलाच विकला. एवढे मोल घेणाऱ्याला वस्तू टिकाऊ द्यावीच लागते. 1921 साली मुदत संपत आली तेव्हा कंपनीने सुधारित नमुना पाच डॉलरला ठेवून जुना नमुना एका डॉलरला काढला. तरीही त्या स्वस्त रेझरचे अंग पितळेचेच होते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता हेन्री गेस्मन. 1869 साली मेंफिस येथे जन्मलेल्या या संशोधकाचे नाव आज दाढीच्या इतिहासात तळटीपेपुरतेही क्वचित येते. वस्तुतः आपल्या हातातील प्रत्येक दुधारी पात्यावर त्यांची मुद्रा आहे. छायाचित्राच्या फिल्मवरच टिपण लिहिता यावे अशी त्यांची एक युक्ती ईस्टमन कोडॅकने 1914 साली तीन लाख डॉलरना विकत घेतली होती. दाढीच्या क्षेत्रात त्यांची ‘ऑटोस्ट्रॉप’ कंपनी होती; तिच्या रेझरमध्ये चामड्याचा पट्टा ओवून पाते बाहेर न काढताच परजता येई. फेकण्याच्या युगात परजण्याचा पक्ष घेणारा हा मनुष्य मला पहिल्यापासूनच आवडतो.

जिलेटच्या जुन्या रेझरचा एक दोष सर्वज्ञात होता. ओल्या हातातून तो फरशीवर पडला की झाकणाचा कोपरा वाकत असे, आणि वाकलेल्या कोपऱ्याखाली पाते ओढू लागे. 1930 साली कंपनीने कोपरे भक्कम केलेला नवा रेझर आणि कोपरे कापलेले नवे पाते बाजारात आणले, आणि जाहिरातीतून या पडझडीच्या दोषाचा स्वतःच पाढा वाचला. दरम्यान गेस्मन यांचे ‘प्रोबॅक’ नावाचे दुधारी पाते निघाले होते, आणि जिलेटच्या नव्या पात्याने आपल्या पेटंटाचा भंग केला आहे असा दावा त्यांनी दाखल केला. तडजोड म्हणून दोन्ही कंपन्यांच्या विलीनीकरणाची बोलणी निघाली. त्यासाठी हिशेबतपासणीस बसले. आणि त्यांनी जिलेटचे दप्तर उघडले तेव्हा असे निघाले की कंपनीने मागील पाच वर्षांत आपला नफा सुमारे एक कोटी वीस लाख डॉलरनी फुगवून दाखवला होता. परदेशी शाखांकडे रवाना केलेला माल विक्री म्हणून जमेस धरला गेला होता. फिर्यादी म्हणून आलेले गेस्मन अखेरीस अध्यक्षस्थानी बसले, आणि स्वतः किंग जिलेट 1931 साली पदावरून दूर झाले.

या कलहाचे फळ म्हणजे पात्याच्या मध्यभागी असणारी लांबट खाच. पूर्वीच्या पात्याला तीन गोल छिद्रे असत. नव्या खाचेत त्या तिन्ही खुंट्यांची सोय झाली. त्यामुळे ठाण्यात विद्युत मेटॅलिक्सने घडवलेले पातेही शतकापूर्वीच्या जिलेट रेझरमध्ये बिनतक्रार बसते. यंत्रांच्या जगात परस्परमेळाचे इतके दीर्घायुषी उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही, आणि त्याचे श्रेय एका फिर्यादीला द्यावे लागते.

परंतु या प्रकरणाचा खरा उत्कर्षबिंदू पुढे आहे. 1931 साली कंपनीच्या दैनंदिन कारभाराची सूत्रे जेरार्ड लँबर्ट यांच्याकडे आली. ‘लिस्टरीन’ या तोंड धुण्याच्या औषधाला घरोघर पोहोचवणारे हे जाहिरातकुशल गृहस्थ पगार न घेता आले आणि येताच त्यांना आढळले की 1930 च्या नव्या पात्यांचा दर्जा घसरला असून गिऱ्हाईक मुकाट्याने दुसऱ्या दुकानाची वाट धरत आहे. यावर त्यांनी जे केले त्याला व्यापाराच्या इतिहासात तोड नाही, असे मी जबाबदारीने म्हणतो. 1932 साली कंपनीने वर्तमानपत्रांतून चक्क एक कबुलीजबाब छापला: आमची नवी पाती आरंभी जशी हवी तशी नव्हती, तो दोष आमचा, आणि आता हे निळे पाते आम्ही अधिक चांगले करून आणले आहे. ‘ब्लू ब्लेड’चा जन्म या कबुलीतून झाला. मंदीने गांजलेल्या काळात, भागधारकांचा रोष ताजा असताना, स्वतःच्या मालाचे उणे स्वतःच्या खर्चाने जगजाहीर करणारी ही कंपनी त्यानंतर मोडली तर नाहीच, उलट सावरली. 1938 चा ‘टेक’, 1947 चा ‘सुपर स्पीड’ आणि 1958 चा, नऊ पायऱ्यांत जुळवता येणारा व एक डॉलर पंचाण्णव सेंटला मिळणारा ‘195’ हे सारे उत्तम नमुने या कबुलीनंतरचे आहेत.

पुढची कथा थोडक्यात आटोपता येते. 1971 साली दोन पात्यांचे काडतूस आले, मागोमाग संपूर्ण फेकाऊ प्लास्टिकचे रेझर आले, आणि दुधारी रेझर हे मोठ्या कंपन्यांच्या दृष्टीने अडगळ ठरले. आपल्या शतकात त्याची आवड पुन्हा जागली तेव्हा त्याच्या देहाचा धातू बदललेला होता.

हा धातू म्हणजे झमाक: जस्त, त्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम आणि अल्प मॅग्नेशियम व तांबे. न्यू जर्सी झिंक कंपनीने तो 1929 साली सिद्ध केला, आणि दारांच्या कड्या, खेळण्यांतील मोटारी, यंत्रांचे लहान भाग यांसाठी तो उत्तम आहे. सुमारे 385 अंश सेल्सियसला तो वितळतो, पितळेला नऊशेच्या वर तापवावे लागते; म्हणून झमाक दाबाने साच्यात सोडता येतो, साचा फार काळ टिकतो, आणि रेझरचे गुंतागुंतीचे शिर एका क्षणात तयार होते. पितळेच्या रेझरसाठी ठोकणे, कातणे, आटे पाडणे, जुळवणे अशा अनेक हातांची गरज लागे. कारखानदाराचा मोह मला समजतो. तो क्षम्य मात्र वाटत नाही. कारण झमाकचे दोन दोष नेमके रेझरच्या मर्मावर बसतात. झाकणाखालचा आटे पाडलेला खुंट पाते घट्ट धरून सतत ताणाखाली असतो. आणि जस्ताचा हा मिश्रधातू सततच्या ताणाखाली नेहमीच्या तापमानातही हळूहळू सरकतो, आणि पडला तर वाकण्याऐवजी तुटतो. माझ्याजवळच्या एका नव्या, दिसायला देखण्या रेझरचा खुंट असाच आट्यांच्या मुळाशी कटकन मोडला, आणि उरलेला तुकडा मुठीत रुतून बसला. दुसरा दोष मुलाम्याखालचा. क्रोमला कोठे बारीकशी टीच पडली की पाणी आत शिरते, जस्त आधी झिजू लागते, पृष्ठभागावर फोड येतात, आणि मग त्यावर नवा मुलामा चढवण्याजोगी जमीनच राहत नाही. पितळेवरचे निकेल पूर्ण उडाले तरी रेझर पिवळा होऊन निमूट काम करत राहतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे: वाईट जुने रेझर केव्हाच भंगारात गेले, टिकले तेवढेच आपण पाहतो. मी तो अंशतः मान्य करतो. पण आजही ज्या नमुन्याचे शिर पोलादाचे आहे ते टिकते आणि झमाकचे आहे ते डळमळते, ही तुलना एकाच काळातील आहे. कॅनडातील रॉकवेल हा एक नमुना पोलादात आणि झमाकमध्ये, वेगवेगळ्या किमतींना विकतो. जर्मनीच्या म्यूले आणि इंग्लंडच्या एडविन जॅगर यांनी मिळून घडवलेले प्रसिद्ध शिर झमाकचे आहे, आणि त्याची आखणी इतकी सुरेख आहे की ती पितळेत का उतरवली नाही याची हळहळ वाटते. धातूची निवड ही सर्वस्वी किमतीची निवड आहे.

माझी तक्रार किमतीविषयी नाही. स्वस्त रेझर स्वस्त म्हणून विकला जावा. भारतात 2010 साली पंधरा रुपयांना आलेला, अवघ्या चार भागांचा ‘गार्ड’ जे होता तेच सांगत होता. तक्रार ही की आजच्या कित्येक खोक्यांवर ‘क्रोम’ हा शब्द ठळक असतो आणि क्रोमखाली काय आहे ते कोठेही नसते. चुंबक लावून पाहावे तर तो पितळेलाही चिकटत नाही आणि जस्तालाही नाही. उरतो तो एकच उपाय: रेझर तराजूत घालावा, मग काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवून सांडलेले पाणी मोजावे; रेझरच्या आत हवेची पोकळी राहिली नसेल तर घन सेंटीमीटरमागे साडेआठ ग्रॅमच्या आसपास आले तर पितळ, साडेसहाच्या आसपास आले तर झमाक. लँबर्ट यांनी घसरलेल्या पात्याविषयी वर्तमानपत्रात पानभर छापले. आजच्या निर्मात्यांकडे मी खोक्यावर एक ओळ मागतो, धातूच्या नावाची.