जुनी नोंद बदलताना

ग्रंथालयाच्या वहीत शिल्लक प्रतींचा आकडा बदलायचा झाला, तर ग्रंथपाल जुन्या आकड्यावर रेघ मारून शेजारी नवा लिहितात. वही एकच, त्यामुळे दोघांना एकदम लिहिता येत नाही. संगणकावर मात्र ही साधी गोष्ट चांगलीच अवघड होऊन बसते. कशी, ते पाहू.

संकेतस्थळामागची माहिती बहुधा तक्त्यांत साठवलेली असते. ही कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. तक्त्यातील एक ओळ म्हणजे एक नोंद. तिला स्वतःचा क्रमांक असतो. संकेतस्थळे रचण्यासाठी 'जँगो' नावाची एक तयार चौकट आहे. अमेरिकेतील लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ साली तिचे काम सुरू झाले. (नाव मात्र जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे!) तिच्यात तक्त्याच्या आराखड्याला 'मॉडेल' म्हणतात. मॉडेलद्वारे नोंद मागितली की तिची नक्कल संगणकाच्या स्मृतीत येते. नकलेत बदल करून 'सेव्ह' म्हटले, की जँगो सहसा त्याच क्रमांकाची ओळ शोधून बदलते. ओळ नसलीच तर नवी घालते.

आता समजा, एका पुस्तकाच्या ५ प्रती शिल्लक आहेत. दोन खिडक्यांवर दोन विद्यार्थी एकाच क्षणी ते पुस्तक मागतात. दोन्ही खिडक्या नोंद वाचतात : ५. दोन्ही एक वजा करतात : ४. दोन्ही ४ लिहितात. कपाटात उरल्या ३ प्रती, नोंद म्हणते ४! कोणीही चुकीचे गणित केले नाही, तरी एक बदल गडप झाला. पुस्तकाऐवजी बँकेतील शिल्लक असती तर?

शिवाय 'सेव्ह' एरवी सर्वच रकाने पुन्हा लिहिते. एकाने नुकतीच सुधारलेली लेखकाच्या नावातील चूक दुसऱ्याच्या जुन्या नकलेमुळे परत येऊ शकते. म्हणून बदललेला रकानाच लिहायला सांगणे बरे.

पण वजाबाकीचे काय? ती नकलेवर करूच नये. 'रकान्यात ४ लिही' असे न सांगता 'रकान्यात जे असेल त्यातून १ वजा कर' असे डेटाबेसला सांगावे. जँगोत यासाठी 'एफ' ही सोय आहे. एकाच ओळीसाठी दोन आज्ञा आल्या, तर डेटाबेस दुसरीला क्षणभर थांबवतो. पाचाचे चार होतात, मग चाराचे तीन.

शेवटची एकच प्रत उरली असेल तर? आज्ञेला अट जोडावी : 'प्रती शून्याहून अधिक असतील तरच.' किती ओळींना आज्ञा लागू पडली, हे जँगो उत्तरादाखल कळवते. एका खिडकीला १ हे उत्तर मिळते, तिथे पुस्तक द्यावे. दुसरीला ० मिळते. तिथल्या विद्यार्थ्याचे नाव प्रतीक्षायादीत घालावे.