घरगुती नॅसवरील डेटा स्थलांतर

डेटा स्थलांतर म्हणजे एका साठवण यंत्रावरील डेटा अर्थात विदा दुसऱ्या यंत्रावर हलविण्याची प्रक्रिया होय. घरगुती वापरात ती प्रामुख्याने नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज, संक्षेपाने नॅस, हे यंत्र बदलताना करावी लागते. नॅस हा राउटरला जोडलेला छोटा संगणक असून त्याच्या हार्ड डिस्कवरील छायाचित्रे, चित्रफिती व कागदपत्रे घरातील सर्व संगणकांना आणि मोबाइल फोनना उपलब्ध होतात. जागा अपुरी पडणे, डिस्क जुन्या होणे किंवा उत्पादकाने सुरक्षा अद्यतने थांबविणे ही यंत्र बदलण्याची सामान्य कारणे आहेत.

पूर्वतयारी

अनेक नॅसमध्ये रेड ही रचना वापरली जाते. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांच्या १९८८ मधील शोधनिबंधामुळे ही संज्ञा रूढ झाली. रेडच्या बहुतेक प्रकारांत एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकतो. मात्र चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कवरून एकाच वेळी नाहीशी होते. म्हणून रेड हा बॅकअपचा पर्याय ठरत नाही. स्थलांतरात जुन्या डिस्कवरील सर्व फाइली वाचल्या जातात आणि वर्षानुवर्षे न उघडलेल्या भागांतील दोष तेव्हाच उघड होतात. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी बाह्य डिस्कवर स्वतंत्र बॅकअप घेणे आवश्यक असते.

पद्धती

* डिस्क हलविणे: एकाच उत्पादकाच्या काही यंत्रांमध्ये जुन्या डिस्क त्याच क्रमाने नव्या यंत्रात बसविता येतात. उत्पादक वेगळा असल्यास नवे यंत्र सहसा डिस्क नव्याने फॉरमॅट करते व त्यावरील डेटा नष्ट होतो.
* नेटवर्कवरून नक्कल: दोन्ही यंत्रे एकाच राउटरला किंवा स्विचला जोडून फाइलींची नक्कल केली जाते. यासाठी वापरली जाणारी आरसिंक ही आज्ञावली अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. नक्कल मध्येच थांबल्यास ती पुन्हा चालविता येते. आधी पोहोचलेल्या फाइली ती वगळते.
* बॅकअपमधून पुनर्स्थापना: बाह्य डिस्कवरील बॅकअप नव्या यंत्रावर उतरविला जातो. यात बॅकअप खरोखर वाचता येतो की नाही, याचीही परीक्षा होते.

लागणारा वेळ

१ गिगाबिट जोडणीचा सैद्धांतिक वेग सेकंदाला १२५ मेगाबाइट असून प्रत्यक्षात सुमारे ११० मेगाबाइट मिळतो. या वेगाने ४ टेराबाइट डेटा हलविण्यास सुमारे १० तास लागतात. मार्गात १०० मेगाबिटचा जुना राउटर असल्यास तेच काम साडेतीन दिवसांहून अधिक चालते. असंख्य लहान फाइली असल्यास वेग आणखी घटतो.

देवनागरी नावांची मर्यादा

यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे मानली जातात; त्यामुळे ‘श्री’ या एका अक्षराला १२ बाइट लागतात. अनेक नॅसमधील एक्स्ट४ या फाइल प्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हे, इतकी आहे. विंडोजच्या एनटीएफएस प्रणालीत मात्र २५५ चिन्हे चालतात. परिणामी, विंडोज संगणकावरील लांब मराठी नावाची फाइल नॅसवर उतरत नाही. अशी नावे आधीच लहान करणे सोयीचे ठरते.

पडताळणी

नक्कल संपली म्हणजे स्थलांतर पूर्ण झाले असे नव्हे. प्रथम दोन्ही यंत्रांवरील फाइलींची संख्या व एकूण आकार ताडून पाहिला जातो. त्यानंतर चेकसम, म्हणजे फाइलीतील मजकुरावरून काढलेली संख्या, जुळविली जाते. आकार तोच राहून आतील मजकूर बिघडला असल्यास तो यातून समजतो. फाइलींच्या तारखा व वापरकर्त्यांचे अधिकारही तपासावे लागतात.

नव्या यंत्राचा नियमित बॅकअप सुरू होईपर्यंत जुन्या यंत्रावरील डेटा तसाच ठेवणे हिताचे असते. जुनी डिस्क विकण्यापूर्वी तिच्यावर संपूर्ण पुनर्लेखन करावे लागते, कारण केवळ पुसलेल्या फाइली अनेकदा परत मिळविता येतात.