मधला सेल उलटा होता

मंडळी, मी तत्त्वज्ञान शिकवत असे, त्यामुळे आज कांट नाहीतर शंकराचार्य ऐकायला मिळतील असं तुम्हाला वाटलं असेल. मी टॉर्च आणलाय. (हशा)

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडकडे नंतर कित्येक दिवस वीज नव्हती. आमच्या घरीही त्या रात्री अंधार होता. मी घाईत टॉर्चमध्ये तीन नवे कोरे मोठे सेल घातले, बटण दाबलं, तर बल्बची तार नुसती तांबूस झाली. बल्ब गेला म्हणून मी चिडलो. सौभाग्यवतींनी मेणबत्तीजवळ सेल बाहेर काढले. मधला उलटा होता.

आता माझी शंका अशी, की दोन बरोबर नि एक चूक, तर निदान दोन सेलांचा उजेड पडायला हवा होता. तो का नाही पडला? कारण उलटा सेल शून्य नसतो, वजा असतो. प्रत्येकी दीड व्होल्ट, तीन सरळ असते तर साडेचार. एक उलटा, म्हणजे तीन वजा दीड. हाती राहिले दीड! रस्सीखेचीत आपला एक गडी नुसता बसून राहिला नाही, तो समोरच्या बाजूला जाऊन ओढायला लागला. शिवाय बाकीचे दोघे त्याच्यातून उलटी वीज ढकलतात, म्हणजे त्याला चार्ज करू पाहतात. साधा सेल त्यासाठी बनलेलाच नाही. आत वायू होतो, दाब वाढतो, सेल गळतो.

इथे शब्दाची एक गंमत सांगतो. आपण टॉर्चलाच बॅटरी म्हणतो, आणि शिकलेली माणसं त्याला हसतात. हसू नये. हा शब्द विजेच्या प्रांतात अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने आणला, तोफांच्या रांगेवरून. वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्या त्याने एकत्र जोडल्या होत्या, त्या जोडणीला त्याने बॅटरी म्हटलं. म्हणजे हे मुळात रांगेचं नाव. भिंतीवरच्या घड्याळातला एकटा पेन्सिल सेल हा खरं तर बॅटरी नव्हे, तुमचा टॉर्च मात्र आहे.

मागच्या एका ताईंनी विचारलंय, की टॉर्चमध्ये सगळे सेल एका दिशेला, मग टीव्हीच्या रिमोटमध्ये शेजारी-शेजारी उलटसुलट का? चांगला प्रश्न. रिमोटमध्येही ती रांगच आहे, फक्त मधोमध दुमडलेली. एका टोकाला पत्र्याची एक पट्टी पहिल्याचं अधिक दुसऱ्याच्या उण्याला जोडते, आणि बाहेर जाणारी दोन्ही टोकं एकाच बाजूला येतात. जागा वाचते, तार वाचते. स्प्रिंग बहुधा उण्याच्या, म्हणजे सपाट बाजूला असते. तरी आतली खूण बघूनच घाला.

आणि आपल्या घरोघरचा काटकसरीचा घोळ: एक जुना, एक नवा! रांगेत सगळ्यांतून तितकीच वीज वाहते. जुना आधी रिकामा होतो, पण नवा थांबत नाही, त्याच्यातून ढकलतच राहतो. आठवड्याने झाकण उघडावं तर पांढरी पूड. अल्कलाइन सेल असेल तर ती क्षार आहे, बोट लावू नका. सेल काढून कापसाला थोडा लिंबाचा रस लावा, पुसा, कोरडं करा. आपल्या खाऱ्या हवेत पत्रा आधीच गंजतो, त्यात ही भर.

शेवटचा प्रश्न इन्व्हर्टरचा आलाय. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या तर २४ व्होल्ट, १५० अँपिअर-तास. समांतर, म्हणजे अधिकाला अधिक, उण्याला उणं जोडलं तर १२ व्होल्ट, ३०० अँपिअर-तास. साठा दोन्हीकडे तोच, गुणाकार करून बघा. कशी जोडायची हे तुम्ही नाही, इन्व्हर्टर ठरवतो, त्यावर व्होल्ट छापलेले असतात. फक्त चार वर्षं वापरलेल्या बॅटरीला शेजारी नवी आणून जोडू नका, टॉर्चमध्ये झालं तेच तिथेही होतं. आणि जोडणी वायरमनकडून करून घ्या. तिथे पान्हा आडवा पडला तर ठिणगी केवढी उडते, ते मी पाहिलंय.