ओढ्यात पुन्हा बीज सोडण्यापूर्वी

इंग्लंडच्या ओढ्यांत, दगडांच्या कपारीत क्रेफिश नावाचा प्राणी राहतो. अंग झिंग्यासारखे आणि पुढे खेकड्यासारख्या दोन नांग्या. तेथील देशी जातीच्या नांग्या खालून पांढुरक्या असतात. ही जात आज नष्ट होण्याच्या वाटेवर आहे.

झाले असे, की १९७० नंतरच्या दशकात तेथे पाळण्यासाठी अमेरिकेतील सिग्नल जातीचे क्रेफिश आणले. ते तळ्यांतून निसटून नद्यांत पसरले. त्यांच्या अंगावर बुरशीसारखा रोग असतो. त्यांना त्याची फारशी बाधा होत नाही. देशी क्रेफिशचा मात्र ओढाच्या ओढा रिकामा होतो.

आता देशी बीज पुन्हा सोडतात. पण कोठेही नाही. नदीशी न जोडलेली तळी किंवा पाणी साचलेल्या जुन्या दगडखाणी निवडतात. पाणी स्वच्छ आहे, लपायला दगड आहेत आणि परदेशी जात नाही, याची आधी खात्री करतात. मादी हिवाळाभर शेपटीखाली अंडी सांभाळते. उन्हाळ्याच्या तोंडी पिल्ले निघतात. काही ठिकाणी ती रोपवाटिकेतील रोपांप्रमाणे जपून, वाढवून मग सोडतात. ओल्या बुटांतून आणि जाळ्यांतूनही रोग पसरतो, म्हणून ती धुऊन पूर्ण वाळवतात.

शेतकरी बंधूभगिनींनो, क्रेफिश आपल्या ओढ्यांतला नव्हे. धडा मात्र आपलाही आहे. विकत आणलेले जनावर आपण काही दिवस वेगळे बांधतो. शेततळ्यात मासा सोडतानाही तीच सावधगिरी हवी. गोठ्यातले जनावर परत बाहेर काढता येते. नदीत गेलेली जात काढता येत नाही.